कुत्र्याला आंबवलेलं खाऊ घालावं का? पाचोऱ्याच्या भाऊंना उत्तर

पाचोऱ्याहून एका भाऊंनी विचारलंय. त्यांचा लॅब्रेडॉर चार वर्षांचा आहे, वजन २८ किलो. आठवड्यातून एक-दोनदा त्याची शी पातळ होते, पाय सतत चाटतो, पोटाखाली खाजवतो. त्यांनी कुठेतरी वाचलं की लांडगा शिकार केल्यावर आधी तिच्या पोटातला अर्धवट पचलेला, आंबलेला चारा खातो. म्हणजे आंबवलेलं अन्न हा कुत्र्याचा मूळ आहार. पाकिटातल्या कोरड्या खाद्यात ते नसतं, म्हणून आतडं बिघडतं आणि त्यातूनच खाज सुटते. उपाय म्हणून त्यांनी केफिरचे, म्हणजे दूध आंबवायचे, दाणे मागवलेत आणि कोबी-गाजराची बरणी मिठाच्या पाण्यात घालून ठेवलीय. आईचं म्हणणं, एवढी नाटकं कशाला, ताक-भाकरी घाल, मळ्यातला मोती नऊ वर्षं त्यावरच जगतोय. भाऊ विचारतात, दोघांपैकी बरोबर कोण? आणि घरात बिबड्या, म्हणजे आंबवलेल्या ज्वारीचे पापड, होतात तेव्हा त्यांचा शिजवलेला घाटा उरतो, तो चालेल का?

मी जळगाव-धुळे पट्ट्यात जनावरांची डॉक्टर आहे. दिवसभर गायी-म्हशी, संध्याकाळी कुत्री-मांजरं. हा प्रश्न गेल्या काही वर्षांत वेगवेगळ्या तोंडांनी माझ्याकडे येतोय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भाऊ, तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. आंबवलेलं अन्न कुत्र्याला चांगलं की वाईट, हा एक. पातळ शी कशामुळे, हा दुसरा. खाज कशामुळे, हा तिसरा. तुम्ही पहिल्याचं उत्तर शोधून उरलेले दोन त्याच्यातच मिटवायला निघालात, आणि माझी हरकत तिथेच आहे. दह्या-ताकाला माझा विरोध नाही. पण कारण न शोधता बरणी भरली की दोन महिने बरणीतच जातात, आणि कुत्रं खाजवतच राहतं.

आधी लांडग्याचं बघू, कारण सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे. डेव्हिड मीच हे अमेरिकी शास्त्रज्ञ १९५८ पासून लांडग्यांचा अभ्यास करतायत. त्यांनी नोंदवलेलं उलटं आहे. हरणासारखी मोठी शिकार असली की लांडगे पोटाची पिशवी फाडतात आणि आतला चारा सांडून देतात. पिशवीची भिंत खातात, आतड्याच्या भिंती खातात. आतल्या चाऱ्यात त्यांना रस नसतो. उंदीर, ससा असली बारीक शिकार अख्खीच पोटात जाते, तेव्हा तिच्या पोटातलं जे काही चिमूटभर असेल ते जातं. त्यामुळे ‘आंबलेला चारा हा लांडग्याचा मुख्य खुराक’ ही गोष्ट ऐकायला कितीही छान वाटली तरी खरी नाही.

दुसरं म्हणजे तुमचा लॅब्रेडॉर लांडगा नाही. २०१३ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या गटाने लांडगा आणि कुत्रा यांची जनुकं शेजारी ठेवून पाहिली. पिष्ट पचवणारं अमायलेज बनवायला लागणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती सापडल्या. कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. माणूस शेती करायला लागला, धान्य साठवायला लागला, आणि त्याच्या उकिरड्यावर, चुलीपाशी जगणारं जनावर भाकरी पचवायला शिकलं. म्हणून कुत्र्याचा ‘नैसर्गिक आहार’ शोधायला जंगलात जायची गरज नाही. आपलं उष्टं, आपलं शिळं, मेलेल्या ढोराचं मांस, वाटेत मिळालेला उंदीर, शेण आणि आणखीही बरंच काही जे इथे लिहीत नाही, हाच त्याचा आहार होता. त्यातलं काही आंबलेलं असायचं, काही कुजलेलं, काही नुसतं वाळलेलं. कुत्र्याने ‘आंबवलेलं’ म्हणून काही निवडलं नव्हतं. पश्चिम बंगालमधल्या मोकाट कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की त्यांच्या पोटात बहुतेक भात-पोळीच जाते, पण निवड करायला मिळाली तर ती मांसाच्या वासामागे जातात. मळ्यातलं कुत्रंही तेच करतं.

आता आईंच्या मोतीकडे येते. गावोगाव मला हेच ऐकवतात: ‘आमना कुत्राले काहीच व्हत नही.’ ते खरंही असतं. नऊ वर्षं ताक-भाकरीवर धडधाकट राहिलेलं कुत्रं मीही पाहिलंय. पण मोतीच्या बरोबर जन्मलेल्या बाकीच्या पिल्लांचं काय झालं, हे कुणी सांगत नाही. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी मोकाट कुत्र्यांची ३६४ पिल्लं जन्मापासून पाहिली; वयात येईपर्यंत त्यातली सुमारे १९ टक्केच उरली. बहुतेक मृत्यूंमागे माणूसच होता, गाड्या, विष, पिल्लं उचलून नेणं. म्हणजे हे आकडे आहाराचे नाहीत, पण मुद्दा तोच: जे टिकलं तेवढंच आपल्याला दिसतं. शिवाय मोती काही फक्त ताक-भाकरीवर जगत नाही. मळ्यात दिवसभर तो काय काय उकरून खातो ते आईंनाही माहीत नसेल. उंदीर, खेकडे, सरडे, म्हैस व्यायली की पडलेला झार, म्हणजे वार. त्याची प्रथिनं आणि कॅल्शियम तिकडून येतात. घरात बांधलेल्या लॅब्रेडॉरला नुसती ताक-भाकरी घातलीत तर वर्षभरात केस निस्तेज होतील, मांस उतरेल आणि वजन मात्र वाढेल.

म्हणजे दोघांचंही अर्धं-अर्धं बरोबर आहे. आता मुळाशी जाऊ.

आंबवणं म्हणजे जिवाणूंनी किंवा यीस्टने साखर-पिष्ट खाऊन आम्ल, वायू किंवा अल्कोहोल तयार करणं. हे काम कुत्र्याच्या स्वतःच्या मोठ्या आतड्यात चोवीस तास चालू असतं. लहान आतड्यात जे पचलं नाही, मुख्यतः तंतू आणि न पचणारं पिष्ट, ते पुढे गेलं की तिथले जिवाणू ते आंबवतात. त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात आणि मोठ्या आतड्याच्या आवरणातल्या पेशी मुख्यतः त्यावरच पोसल्या जातात. गायीइतकी मोठी ही भट्टी नाही, कुत्र्याचं मोठं आतडं आखूड असतं, पण शी घट्ट की पातळ हे बरंचसं तिथे ठरतं.

याचा व्यवहारातला अर्थ असा की बाहेरून आंबवून दिलेले जिवाणू हे पाहुणे असतात. कुत्र्याच्या जठरातलं आम्ल कडक, त्यात बरेचसे मरतात. जे वाचतात ते काही दिवस काम करून शीवाटे निघून जातात, आतड्यात घर करत नाहीत. म्हणून दही बंद केलं की त्याचा परिणामही बंद. आत कायम राहणाऱ्या जिवाणूंना खायला घालणं हा जास्त टिकाऊ मार्ग, आणि त्यासाठी खान्देशात काही मागवावं लागत नाही. कच्ची केळी उकडून घ्या. तिच्यात न पचणारं पिष्ट भरपूर असतं, आणि उकडून गार केली तरी त्यातलं काही टिकून राहतं. २८ किलोच्या कुत्र्याला रोज पाव ते अर्धं केळ, कुस्करून, मीठ-मसाल्याशिवाय. पिकलेलं केळ वेगळं, त्यात साखर जास्त; लॅब्रेडॉरला ते बक्षीस म्हणून एखादी चकती. गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, शिजवून दोन-तीन चमचे, हाही तसाच उपाय. पातळ शीच्या कुत्र्यांत मी बरणीआधी या दोन गोष्टी करून बघते. पहिले तीन-चार दिवस वायू सुटेल, घाबरू नका. प्रमाण निम्मं करा आणि हळूहळू वाढवा.

आता दही-ताक. वाढलेल्या कुत्र्याला दूध पचवणारं लॅक्टेज कमी असतं, म्हणून वाटीभर दुधाने पोट ढिलं होतं. विरजण लागलं की जिवाणू दुधातल्या साखरेचा काही भाग खाऊन टाकतात, म्हणून दही दुधापेक्षा सोसतं. ताकात पाणी जास्त, म्हणून ते आणखी सोसतं, आणि लोणी काढलेलं असल्याने चरबीही कमी. म्हशीच्या दुधाचं सायीचं दही मी लॅब्रेडॉरला देत नाही. ही जात लठ्ठपणाकडे झुकते, आणि चरबीचा अचानक मारा झाला की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. पंगतीच्या दुसऱ्या दिवशी तुपात बुडालेल्या बट्ट्या खाऊन उलट्या करणारी कुत्री आमच्याकडे येतात ती याच कारणाने.

प्रमाण किती? २८ किलोच्या, निरोगी, दूध सोसणाऱ्या कुत्र्याला दिवसाला दोन मोठे चमचे दही किंवा अर्धी वाटी पातळ ताक, मुख्य जेवणावर. फोडणीचं, हिंग-जिऱ्याचं, मीठ घातलेलं ताक नको. मे महिन्यात भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा विरजण तीन-चार तासांत लागतं आणि संध्याकाळपर्यंत ताक इतकं आंबट होतं की माणूसही तोंड वाकडं करतो. ते कुत्र्यालाही नको. सकाळचं सकाळीच संपवा. डिसेंबरात धुळ्याच्या थंडीत उलटी अडचण, दही धड लागतच नाही. दुधाळ, अर्धवट लागलेलं दही म्हणजे बऱ्याच अंशी दूधच.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण ती रोज बघते. गोचिडांमुळे होणाऱ्या तापासाठी आम्ही डॉक्सिसायक्लिन देतो, तीन-चार आठवडे. ते कडू, म्हणून घरचे गोळी दह्यात कालवून देतात. दुधातलं कॅल्शियम या औषधाला धरून ठेवतं आणि रक्तात पोहोचणारं औषध कमी होतं. ताप उतरत नाही, मग दोष गोळीला. गोळी उकडलेल्या चिकनच्या तुकड्यात किंवा भाताच्या गोळ्यात द्या, वर थोडं पाणी पाजा, आणि दही-ताक त्यानंतर दोन-तीन तासांनी.

पिल्लांबाबत तर मी फारच कडक आहे. दोन-चार महिन्यांचं पिल्लू उलट्या करतंय, शीला रक्त आणि घाण वास येतोय, खात नाही, अशा वेळी ‘दही-भात घालून बघू’ म्हणून घालवलेला दिवस पार्व्होत, म्हणजे पिल्लांच्या विषाणूजन्य जुलाबात, जीवघेणा ठरतो. तिथे सलाईन लागतं. दही त्यानंतर, पिल्लू जेवायला लागल्यावर.

आता तुमचा बिबड्यांचा घाटा. हा प्रश्न मला फार आवडला, कारण आपल्या भागातलं आंबवण्याचं सगळ्यात छान उदाहरण ते आहे आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही. ज्वारी दोन-तीन दिवस पाण्यात राहते, पाण्यावर फेस येतो, आंबूस वास सुटतो. धुऊन, दळून मोठ्या पातेल्यात तिचा घट्ट घाटा शिजतो, आणि मग अंगणात धोतराच्या ओल्या कापडावर बायका हाताने गोल-गोल थापत जातात. या आंबवण्याचे दोन फायदे असतात. धान्यातला फायटेट नावाचा घटक कमी होतो, त्यामुळे लोह, जस्त शरीराला जास्त मिळतं. आणि पिष्ट आधीच थोडं फुटलेलं असतं, त्यात शिजवलेलं, म्हणजे पचायला हलकं. शिजवताना जिवाणू मरतात, हे खरं. पण त्यांनी केलेलं काम तसंच राहतं. ‘जिवंत जिवाणू नाहीत म्हणजे उपयोग नाही’ असं समजणारे इथेच फसतात.

अडचण घाट्यात पडणाऱ्या बाकीच्या गोष्टींची. लसूण, हिरवी मिरची, मीठ. कांदा-लसणाच्या कुळातल्या गंधकयुक्त घटकांनी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. कांद्याच्या बाबतीत दर किलो वजनाला १५ ते ३० ग्रॅम खाल्ल्यावर रक्तात फरक दिसू लागतो. लसूण त्याहून तीव्र. म्हणजे २८ किलोच्या कुत्र्याने घाट्याचा एक घास चाटला तर धावत यायचं कारण नाही. पण रोज थोडं-थोडं जात राहिलं तर ते साठत जातं. लक्षणं तीन-चार दिवसांनी दिसतात: हिरड्या फिक्या, लघवी चहासारखी, कुत्रं धाप टाकतंय. आपलं भरीत तर कांद्याची पात आणि लसणाशिवाय होतच नाही, आणि पातेलं कुत्र्याला चाटायला द्यायची पद्धत घराघरात आहे. शेवभाजीचा रस्साही तसाच. ही पातेली बंद करा.

म्हणून आईंना सांगा, लसूण-मिरची-मीठ पडायच्या आधी वाटीभर घाटा बाजूला काढायचा. तो गार करून कुत्र्याला द्या, अंडं किंवा चिकन बरोबर. तिळाने काही बिघडत नाही. कुरडयांच्या गव्हाच्या चिकालाही हेच लागू, फक्त गव्हाचं वावडं असलेल्या कुत्र्याला तो नको. वाफवलेली इडली, मीठ बेताचं असेल तर, एखादी चालते. कच्चं पीठ मात्र कधीच नको, आणि यीस्ट घातलेला पावाचा कच्चा गोळा तर मुळीच नको. जठराच्या उबेत यीस्ट आणखी जोरात काम करतं: पोट फुगतं, आणि तयार होणारं अल्कोहोल रक्तात जातं.

अल्कोहोलवरून नंदुरबारकडचं सांगते. धडगाव, अक्कलकुव्याच्या पट्ट्यात मोहाची फुलं आंबवायला घातलेली असतात. कुत्री त्या सड्यावर तोंड मारतात. झोकांड्या खाणारं कुत्रं बघून लोक हसतात, पण लहान कुत्र्यात शरीर थंड पडतं, रक्तातली साखर उतरते आणि ते उठत नाही. त्याला ऊब द्यायची, तोंडाने जबरदस्ती काही पाजायचं नाही, आणि सरळ दवाखाना गाठायचा. हेही ‘आंबवलेलं’च.

तुमच्या बरणीबद्दल. कोबी-गाजर दोन टक्के मिठात घातलं असेल तर चमचाभर भाजीत, म्हणजे पाच ग्रॅममध्ये, मीठ ०.१ ग्रॅम. २८ किलोच्या निरोगी कुत्र्याला त्याने काही होत नाही. मुरलेलं पाणी मात्र पाजू नका, आणि मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्या कुत्र्याला बरणीच नको. लसूण-कांदा घातला असेल तर सगळी बरणी घरातल्या माणसांची. केफिर म्हणजे दह्याचंच भावंड, जिवाणूंचे प्रकार जरा जास्त. दह्यापेक्षा चमत्कारिक काही घडेल अशी अपेक्षा नको. कोंबुचा या आंबवलेल्या पेयात चहा असतो, म्हणजे कॅफीन, शिवाय थोडं अल्कोहोल. ते द्यायचं कारणच नाही. मोहरी-मिरचीची कांजी, लोणचं, लोणच्याचा खार यांचीही तीच गत.

आणखी एक प्रकार हल्ली विचारला जातो: मांस बरणीत मुद्दाम ‘पिकवून’ द्यायचं. आपल्या उन्हात ते करू नका. कुत्रं कुजकं मांस खाऊन बऱ्याचदा निभावतं हे खरं, पण बरणी उघडणारा, हात न धुता पोराला घास भरवणारा माणूस निभावेलच असं नाही.

आंबट लागलं म्हणजे आंबवलेलं असतं, हाही समज काढून टाका. चिंच आंबट असते ती टार्टारिक आम्लामुळे. द्राक्ष-मनुका खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं का बंद पडतात, हे कोडं फार वर्षं होतं. अलीकडे अमेरिकेतल्या पशुविषतज्ज्ञांनी बोट ठेवलंय ते याच आम्लावर, आणि चिंच खाऊन तसाच त्रास झालेली कुत्रीही त्यांनी नोंदवलीत. म्हणून चिंचेचं सार, चिंचेची चटणी कुत्र्यापासून लांब.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि तो तुम्ही विचारलेलाच नाही. आंबवणं आणि बुरा, म्हणजे बुरशी, लागणं यातला फरक. दह्यातले जिवाणू आम्ल तयार करतात, आणि त्या आम्लात बाकीचे जंतू वाढत नाहीत. म्हणून ते अन्न राखतं. बुरशी ओल्या धान्यावर बसते आणि विष मागे ठेवते. पावसाळ्यात टोपल्यातल्या भाकरीवर हिरवा-काळा ठिपका दिसला की आपण ती भाकरी म्हणतो ‘कुत्र्याला टाक’. मका ओला राहिला, ढेपेला ओल लागली, शेंगा काळ्या पडल्या, की ते ‘जनावराला चालेल’. कुत्र्याला चालत नाही. अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाने यकृत निकामी होणाऱ्या प्राण्यांत कुत्रं फार वरच्या नंबरावर आहे. १९७४ साली आपल्या शेजारच्या गुजरातेत पंचमहाल आणि राजस्थानात बांसवाडा भागात अवकाळी पावसात भिजलेला, बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं काविळीने गेली. त्या गावांतली कुत्रीही तशीच कावीळ होऊन मेली. २००५ साली अमेरिकेत कारखान्यात तयार झालेल्या कुत्र्यांच्या खाद्यातही हेच विष मक्यातून आलं आणि बरीच कुत्री दगावली. भाकरी परत भाजली, मका शिजवला, तरी हे विष जात नाही. ठिपका कापून उरलेला भाग देणंही नको, बुरशीचे धागे दिसतात त्याच्या पलीकडे गेलेले असतात.

उकिरड्यावरच्या बुरशीतून आणखी एक विष मिळतं, त्याने काही तासांत कुत्र्याचं अंग थरथरायला लागतं, ताप चढतो, झटके येतात. घरचे म्हणतात कुणीतरी विष घातलं. बऱ्याचदा घातलेलं नसतं. बुरा लागलेला पाव, पनीर किंवा मुरघासाच्या, म्हणजे खड्ड्यात दाबून आंबवलेल्या चाऱ्याच्या, खड्ड्याकाठचा वरचा काळा थर खाल्लेला असतो. ज्यांच्याकडे मुरघास आहे त्यांनी तो काढून टाकलेला थर उघड्यावर ठेवू नये, एवढंच.

इथपर्यंतचं थोडक्यात: साधं दही-ताक चमच्याच्या हिशेबात चालतं, लसणाआधीचा घाटा चांगला, उकडलेलं कच्चं केळ आणि गंगाफळ त्याहून उपयोगी, आणि बुरा लागलेलं, कच्चं पीठ, मोह, चिंच, खार यातलं काहीही नको. यातलं एकही पूर्ण जेवण नाही. कुत्र्याचं जेवण प्रथिनांवर उभं राहतं, अंडी, चिकन, मासे किंवा नीट निवडलेलं तयार खाद्य. आंबवलेलं त्याच्या वर.

आता तुमच्या लॅब्रेडॉरकडे. प्रत्यक्ष न बघता निदान करणार नाही, पण क्रम सांगते.

आधी दही, ताक, केफिर, बरणी, दुधातली बिस्किटं, सगळं दोन आठवडे बंद. तुमच्या मनात आलं असेल, एवढं चांगलं सांगून बंद का? कारण खाज. अन्नाच्या वावड्याने खाजणाऱ्या कुत्र्यांच्या नोंदी २०१६ साली एकत्र तपासल्या गेल्या, त्यात गोमांस सगळ्यात वर, सुमारे ३४ टक्के. त्याखालोखाल दूध-दुधाचे पदार्थ, १७ टक्के. मग चिकन १५ आणि गहू १३. खाजऱ्या कुत्र्याच्या आतड्याला बरं वाटावं म्हणून रोज वाटीभर केफिर घालायचं आणि खाज त्यानेच वाढायची, असं घडू शकतं. घडतंच असं नाही. अन्नाचं वावडं असलेली कुत्री एकूण खाजऱ्या कुत्र्यांत कमीच.

त्याच दोन आठवड्यांत ताजी शी डबीत घालून दवाखान्यात द्या, सलग नसली तरी वेगवेगळ्या दिवशीची दोन-तीनदा. हुकवर्म आणि जिआर्डिया हे आतड्यातले परजीवी आपल्याकडे भरपूर आहेत आणि अधूनमधून पातळ होणारी शी हा त्यांचा नेहमीचा रंग. गोचीड आणि पिसवा अंगावर दिसल्या नाहीत तरी त्यांचं औषध सुरू करा. लॅब्रेडॉरच्या दाट केसांत पिसू शोधणं अवघड, पण शेपटीच्या बुडाशी काळे कण दिसतील. ओल्या टिश्यूवर ठेवून बघा, लालसर डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा. पाय चाटतो म्हणालात, तर बोटांमधली कातडी बघा: तांबडी, चिकट, कुबट वासाची असेल तर तिथे यीस्ट वाढलंय. हे कातडीवरचं यीस्ट आहे. पोटात आंबवलेलं गेल्याने ते वाढत नाही आणि दह्याने ते उतरतही नाही; औषधी शाम्पू आणि मूळ खाजेचा इलाज लागतो.

शीमध्ये काही निघालं नाही आणि पातळपणा चालूच राहिला, तर कुत्र्यांवर तपासलेला प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवंत जिवाणूंचं औषध, देता येतो, उदाहरणार्थ एन्टरोकॉकस फेशियमची एसएफ६८ जात. त्याचा फायदा मर्यादित आहे, पण दह्यापेक्षा त्यात एक सोय असते: किती जिवाणू जातायत ते पाकिटावर लिहिलेलं असतं, आणि बऱ्याच पाकिटांत दूध नसतं. असतं कधी कधी, म्हणून घटक वाचून घ्या. माणसांची जुलाब थांबवायची गोळी घरातून देऊ नका.

आणि खाज राहिलीच तर आठ आठवड्यांची आहारचाचणी. आजवर न खाल्लेलं एकच मांस आणि एकच पिष्ट. तुमचं कुत्रं चिकनच्या खाद्यावर वाढलं असेल तर बोकडाचं मटण आणि ज्वारी किंवा बटाटा. खर्चिक आहे, माहीत आहे; बाजारात या कामासाठी मिळणारं खास खाद्य त्याहून महाग. या काळात बिस्कीट नाही, दही नाही, चवीची चघळायची गोळी नाही, आजीच्या हातून गुपचूप जाणारा पोळीचा तुकडाही नाही. चाचण्या फसतात त्या या तुकड्यापायीच. हा आहार सर्वांगाने पुरा नसतो, म्हणून आठ आठवड्यांपलीकडे तो तसाच चालवायचा नाही, आणि पिल्लांना तर नाहीच.

खाज कमी झाली तर जुने पदार्थ एकेक करून परत आणायचे, पहिला नंबर दह्याचा. रोज दोन चमचे, सलग दोन आठवडे, बाकी काही न बदलता. त्या काळात पाय चाटणं परत सुरू झालं तर दूध-दही कायमचं बंद. घाट्याची वाटी आणि केळ चालू ठेवा, त्यात दूध नाही. चाटणं सुरू झालं नाही तर दह्याला माझ्याकडून परवानगी, आणि पुढचे दोन आठवडे चिकन तपासायला घ्या.